सुख कुठं भेटलं? कोल्हापूरकरांनो, लिहा (अनुभव धागा)

राजारामपुरीत आम्ही काही जण रविवारी सकाळी एकत्र बसून वाचतो. सध्या तैत्तिरीय उपनिषद चालू आहे. त्यात आनंदाचं चक्क मोजमाप केलेलं आहे. सुरुवात माणसापासून होते. माणूस तरुण आहे, चांगल्या वळणाचा आहे, शिकलेला, धडधाकट, बळकट आहे, आणि धनधान्यानं भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची आहे. एवढं सगळं मिळून होतो एक मानवी आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, पुढं पितर, देवांचे तीन वर्ग, इंद्र, बृहस्पती, प्रजापती असं शंभरपटीनं चढत दहाव्या टप्प्याला ब्रह्मानंद. आणि या दहाही टप्प्यांवर एकच पालुपद येतं: ज्यानं वेद जाणले आणि ज्याच्यावर कामनेचा घाव पडलेला नाही, त्याला हा आनंद आहेच.

वाचून झालं तेव्हा आमच्यातले एक जण, मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून आयुष्य काढलेले, म्हणाले, "सर, सुरुवातीचा तो धडधाकट तरुण तरी कुणी बघितलाय का? आम्ही बघितलेलं सुख या हिशेबात कुठं बसतं ते सांगा." मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, पण त्यांना मला एका वाक्यात उत्तर देता येईना. आणि मला वाटतं ते एकट्यानं देण्याचं उत्तर नव्हेच. सुखाबद्दलची कुठलीही शिकवण कुणाच्या तरी आयुष्यातून जाऊन आल्याशिवाय खरी-खोटी ठरत नाही.

म्हणून हे आवाहन. देवळात, मशिदीत, मठात, विहारात, पुस्तकात किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून सुखाबद्दल जे ऐकलं, ते तुमच्या जगण्यात टिकलं का? कुठं टिकलं, कुठं तुटलं? नाव नको, गाव किंवा पेठ पुरे. एकमेकांचं खोडून काढायलाही हरकत नाही, फक्त स्वतःचं सांगा.

करवीर तालुका, गुऱ्हाळावरून

मी सांगतोय, भाचा लिहून घेतोय. मी गुळव्या, म्हणजे गुळाचा पाक जोखणारा. वडीलही गुळव्याच.

घाण्याचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत आला आणि चुलवाणाला जाळ लागला की मळी वर यायला लागते. भेंडीचं पाणी घालून ती सगळी वर आणायची आणि काढून टाकायची. इथंवर कामगार पोरं करतात, मी नुसता बघतो. मग रस उकळून आटायला लागतो. आधी बुडबुडे मोठे असतात, नंतर बारीक होत जातात, रंग पालटतो, वास पालटतो. तिथून पुढं मी कुणाशी बोलत नाही. थंड पाण्यात थेंब सोडायचा आणि बोटानं गोळी वळायची. गोळी पसरली तर पाक कच्चा, ढेप बसणार नाही. फार कडक झाली तर करपला, रंग गेला. या दोन्हींच्या मधी लई थोडा वेळ असतो. तेवढ्यात "उतरा" म्हणायचं. काहील निघाली, वाफ्यात ओतली, फावड्यानं घोटायला लागलं, आणि सोनेरी रंग धरला की माझ्या अंगातनं काहीतरी सुटल्यागत होतं.

सुख म्हणजे काय ते मला एवढंच माहीत आहे. गोळी बोटात असताना मला कर्ज आठवत नाही, पोरीचं लग्न आठवत नाही. गुळाचा दर यार्डात सौद्यात ठरतो. कधी असा पडतो की ऊस उगाच गाळला असं वाटतं. तो दर माझ्या हातात नाही. पाक माझ्या हातात आहे.

आमच्यात हरिनाम सप्ताहाला महाराज येतात, ते सांगतात फळाची आशा सोडा. मला ते पटत नाही. दराची आशा मी सोडलेली नाही, सोडून चालणारही नाही. पण गोळी वळताना ती आपोआप बाजूला जाते, हे खरं आहे.

राजारामपुरी, आवाहन करणारा

गुळव्यामामांना माझा नमस्कार. तुमचं वाचल्यावर सगळ्यांना गीता आठवेल, मला ग्रीक आणि रोमन स्टोइक पंथाचे तत्त्ववेत्ते आठवले. एपिक्टेटस हा गुलामीत वाढलेला माणूस. त्याची शिकवण सुरू होते तीच इथून, की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. स्टोइक मंडळी धनुर्धाऱ्याचा दाखला देत. नेम धरणं, प्रत्यंचा ओढणं, बाण सोडणं त्याच्याकडे. सुटलेल्या बाणाला वारा लागला तर ते त्याच्याकडे नाही. म्हणून त्यानं बाण उत्तम सोडण्यात आपलं साध्य मानावं.

पण तुम्ही सांगता ते याच्या एक पाऊल पुढं आहे असं मला वाटतं. स्टोइक म्हणतील, वाऱ्याची चिंता विचारानं दूर करा. तुम्ही म्हणता, चिंता हटवावी लागतच नाही, काम माणसाला इतकं गुंतवून घेतं की ती उरत नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल सुखाला भावना मानत नाही. माणसाच्या अंगी असलेल्या गुणांनी चाललेली उत्तम कृती म्हणजे सुख, असं तो म्हणतो, आणि बासरीवाल्याचं उदाहरण देतो. त्याला काहील दाखवायला हवी होती.

प्रयाग चिखली

२०१९ च्या ऑगस्टमधलं सांगते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं गाव आणि शेजारचं आंबेवाडी, दोन्ही पाण्यात. आम्हाला नावेतून काढलं. दावी कापून जनावरं सोडली, त्यातली एक म्हैस परत आली नाही. शिबिरात सगळं मिळालं, जेवण, कपडे, औषध. लांबलांबच्या गावांनी भाकऱ्या बांधून पाठवल्या, त्यांचं देणं कधी फिटायचं नाही.

पाणी उतरल्यावर घरात पाऊल टाकलं तर पायाखाली गाळ, भिजून कुजलेल्या भाताचा वास, भिंतीला माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. बाहेरगावची पोरं-पोरी आली होती, त्यांनी आमच्याबरोबर गाळ काढला. त्यातल्या एकीचंही नाव मला माहीत नाही. संध्याकाळी अंगणात विटा मांडून चूल केली, कुणीतरी दिलेल्या पुड्यातली साखर-पावडर घालून कोरा चहा केला. सासूबाई म्हणाल्या, "आन् इकडं, मी आधी पितो, माझं घर हाय." आणि पहिला घोट घेऊन रडायच्या ऐवजी हसायलाच लागल्या. आम्ही सगळे हसलो. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. शपथेवर सांगते.

सासूबाई माळकरी. "सुख पाहता जवापाडे, दुःख पर्वताएवढे" हे त्यांच्या तोंडी कायम असायचं. मला तो अभंग नकोसा वाटायचा, हताश केल्यासारखा. त्या दिवशी कळलं की जवाएवढं म्हणजे काहीच नाही असं नव्हे. तेवढ्यावर माणूस परत घर मांडतो.

पण एक प्रश्न आहे. महिन्या-दोन महिन्यांत तोच चहा मी चारचौघींसारखा घाईनं पिऊन कप विसळत होते आणि गेलेल्या भांड्यांसाठी, म्हशीसाठी रडत होते. मग त्या दिवशीचं ते सुख होतं, का नुसतं दुःख थांबलं होतं?

शिवाजी पेठ, ग्रंथालयात काम करते

ताई, तुमच्या प्रश्नावर एपिक्युरस या ग्रीकाचं उत्तर आहे. दुःख थांबणं हीच सुखाची कमाल मर्यादा, त्यापुढं सुख वाढत नाही, फक्त त्याचे प्रकार बदलतात, असं तो म्हणे. लोक त्याला चैनीचा तत्त्ववेत्ता समजतात, पण अथेन्सजवळच्या आपल्या बागेत तो मित्रांबरोबर भाकरी-पाण्यावर राही. एका मित्राला त्यानं लिहिलं होतं, थोडं चीज पाठव, मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. त्याच्या लेखी सुखाला लागणाऱ्या गोष्टींत मैत्री सगळ्यात मोठी.

माझं मत विचाराल तर तो अर्धाच बरोबर आहे. तुम्ही एकट्या असता आणि चहा केला असता तर दुःख तेवढंच थांबलं असतं, पण सासूबाई हसल्या नसत्या. पोरींनी गाळ काढला नसता तर ती संध्याकाळ तशी झाली नसती. मैत्रीचं माहात्म्य सांगणाऱ्या माणसानं हिशेब मात्र एकेकट्या जिवाचा मांडला, असं मला त्याच्याबद्दल नेहमी वाटतं.

शिरोळ तालुका

आम्ही दिगंबर जैन, पिढ्यान् पिढ्या शेतकरी. आजोबांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं होतं. गृहस्थांच्या पाच अणुव्रतांतलं हे पाचवं. आपल्याकडे किती असावं याची मर्यादा स्वतः घालून घ्यायची आणि त्यापलीकडचं ठेवायचं नाही. शास्त्रात त्याची यादी आहे: क्षेत्र, वास्तू, सोनं-चांदी, धन-धान्य, भांडीकुंडी. आजोबांची लाल कापडाची वही होती. पहिल्या पानावर मर्यादा लिहिलेली, पुढं दरवर्षीचा मेळ. दशलक्षण पर्वात, उत्तम शौच धर्माच्या दिवशी, ते ती वही काढून बसत. शौच म्हणजे तिथं लोभाचा मळ काढणं.

मी लहानपणी शेजारी बसून बघायचो. उसाचं बिल चांगलं आलेल्या वर्षी त्यांचा हात आकड्यावर थांबायचा. बराच वेळ थांबायचा. लोभ नव्हता असं मुळीच नाही, तो दिसायचा मला. मग ते मर्यादेवरचा पैसा पाठशाळेला, कुणाच्या औषधाला असा वाटून टाकत. शेवटचा आकडा लिहून वही मिटली की त्या दिवशी ते घरात सगळ्यांशी फार मोकळे बोलत. एरवी कडक माणूस.

आमच्याकडे सुख हा आत्म्याचा स्वतःचा गुण मानतात. अनंत ज्ञान, अनंत दर्शन, अनंत सुख, अनंत वीर्य म्हणजे शक्ती. बाहेरून आणायचं नसतं, वरचं आवरण काढायचं असतं. मला हे तत्त्व म्हणून कळतं, अनुभव म्हणून नाही. अनुभव एवढाच, की मी स्वतः काही वर्षांपूर्वी मर्यादा लिहिली आणि शेजारच्याचा नवा ट्रॅक्टर बघून पोटात कालवायचं ते कमी झालं. ट्रॅक्टरचा रकाना माझ्या वहीत भरलेला आहे, त्यामुळं तो विषयच उरत नाही.

कोल्हापूर, विचारे माळ परिसर, बँकेत नोकरी

वरचं लिखाण प्रामाणिक आहे, म्हणून तेवढ्याच प्रामाणिकपणे विरोध नोंदवते. ज्याच्याकडे शेत आहे त्यानं शेताला मर्यादा घालणं हे मोठंच. पण आमच्या घरात समाधानाचा उपदेश ऐकला तो नेहमी वरून खाली आलेला. आजोबांच्या पिढीला सांगितलं गेलं, आहे त्यात सुख माना. त्यांनी मानलं असतं तर मी आज टेबलाच्या या बाजूला नसते. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत निम्म्या जागा मागास समाजांसाठी राखून ठेवल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल घालून दिलं आणि तिथं जाऊन स्वतः चहा घेतला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते, महाराज स्वतः आले. समाधानी समाजात यातलं काहीच घडलं नसतं.

आता माझा अनुभव. वडील सफाई कामगार. आईच्या आजारपणात त्यांनी एका खासगी सावकाराकडून पैसे घेतले आणि ते कर्ज आमच्याबरोबर वाढत गेलं. त्याचा माणूस महिन्याच्या सुरुवातीला दारात उभा राही, तेव्हा वडील आम्हाला आतल्या खोलीत पाठवत. मला नोकरी लागल्यावर मी ते टप्प्याटप्प्यानं फेडलं. शेवटचा हप्ता देऊन चिठ्ठी हातात आली, वडिलांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. दुसऱ्या दिवशी ते दार उघडं टाकून पुढच्या खोलीत दुपारी झोपले. दार उघडं टाकून! आम्ही बहिणी एकमेकींकडे बघत राहिलो.

पुढं विहारात भन्तेजींनी बुद्धांनी अनाथपिंडिक या आपल्या गृहस्थ शिष्याला केलेला उपदेश सांगितला. त्यात गृहस्थाची चार सुखं सांगितली आहेत. कष्टानं, धर्मानं मिळवलेली संपत्ती असण्याचं अत्थिसुख. ती उपभोगण्याचं आणि दान करण्याचं भोगसुख. कुणाचं देणं नसण्याचं अनणसुख. आणि आचरण निर्दोष असण्याचं अनवज्जसुख. चौथं सगळ्यांत मोठं, बाकीची त्याच्या सोळाव्या हिश्श्यालाही पुरत नाहीत. पण तिसरं ऐकलं आणि मला वडील दिसले. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कर्ज नसण्याला सुख म्हणून नाव दिलं होतं. तृष्णा सोडा म्हणणाऱ्या बुद्धांनी गृहस्थाला आधी गरिबीत खूश राहा असं सांगितलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिरोळ तालुका

ताई, तुमचं म्हणणं मान्य. व्रत स्वतः घ्यायचं असतं, दुसऱ्याला घालून द्यायचं नसतं. आजोबांनी आपल्या गड्यांना कधी त्यातलं अक्षर ऐकवलं नाही, मजुरी मात्र वेळेवर दिली.

महाद्वार रोड, वय ऐंशीच्या घरात

या वादात टिळकांना बोलवायला हवं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात 'सुखदुःखविवेक' असं स्वतंत्र प्रकरण आहे. असंतोष हे ऐश्वर्याचं मूळ, या महाभारतातल्या वचनाची बाजू टिळक तिथं घेतात. सगळाच असंतोष टाकाऊ नाही, असं त्यांचं म्हणणं. मी आयुष्यभर संतोषाचे अभंग म्हटले आणि आयुष्यभर कामगार युनियनमध्ये मागण्याही लिहिल्या. मला त्यात विसंगती वाटली नाही. भजनातला संतोष माझ्या ताटापुरता होता, दुसऱ्याच्या ताटाबद्दल नव्हता.

शिवाजी उद्यमनगर, लेथवर काम

थोडक्यात लिहितो. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे की रोजेदाराला दोन आनंद असतात, एक रोजा सोडताना, दुसरा रबची, म्हणजे अल्लाहची भेट होईल तेव्हा. दुसऱ्याचं मी काय सांगणार. पहिला मला दरवर्षी मिळतो. उन्हाळ्यात रमजान आला की भट्टीशेजारच्या शॉपमध्ये दुपारी घसा सुकून जातो. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानला मशीन बंद करतो. आमच्या शॉपमधले दोघे, एक मराठा, एक लिंगायत, तोवर खजूर आणि कलिंगड कापून कागदावर मांडून ठेवतात आणि स्वतःही अजान होईस्तोवर हात लावत नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. खजूर तोंडात गेला की जे वाटतं ते उपाशी राहिल्याशिवाय कळत नाही. मोहरमला पंजे भेटायला निघतात तेव्हा तेच दोघे घरच्यांना घेऊन बाबूजमाल दर्ग्याला येतात. कोल्हापुरात याचं कुणाला नवल नाही.

राधानगरी तालुका, हल्ली तालमीत पोरांना शिकवतो

बापानं मला शाळकरी वयात कोल्हापूरला तालमीत टाकला. पहाटे अंधारात उठायचं, जोर, बैठका, मग हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत उतरायचं. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळलेली असते, तिचा वास आजही नाकात आला की अंग आपोआप ताठ होतं. सुरुवातीला लई रडलो. वस्ताद म्हणायचे, गीतेत सांगितलंय, सात्त्विक सुख आधी विषासारखं लागतं आणि शेवटी अमृत होतं. तू विष पी, अमृत येईल.

खासबागेत कुस्ती जिंकली. शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं मैदान, खाली आखाडा आणि चारी बाजूला माणसंच माणसं. हलगी घुमत होती, समोरचा चितपट झाला आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं. तेव्हा वाटलं, हेच ते अमृत. चार-आठ दिवस राहिलं. मग पुढच्या जोडीची काळजी. पुढं गुडघा गेला, ऑपरेशन झालं, खेळ संपला. म्हणजे हिशेबानं मला अमृत मिळालंच नाही.

पण आज मागं बघतो तर मला खांद्यावरचं कमी आठवतं. आठवतो तो सराव झाल्यावरचा वेळ. अंगाला माती चिकटलेली, घाम वाळत आलेला, कुणी कुणाची मान रगडतोय, बादलीत थंडाई घोटायला घेतलेली, कुणी काही बोलत नाही. ते सुख शेवटी नव्हतं, रोज मधेच होतं. म्हणून मी पोरांना शेवटी अमृत आहे असं सांगत नाही. अमृताच्या आशेवर आलेलं पोरगं गुडघा गेला की मोडून पडतं. मी मोडलो होतो, दोन वर्षं तालमीच्या वाटेनं गेलो नाही.

फुलेवाडी

शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा गोल. बस्स. यात तत्त्वज्ञान शोधू नका, आणि हे सुख खालच्या दर्जाचं आहे असंही कुणी म्हणू नका. वडील गेल्यावर घरात महिनाभर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा ओरडला तो मॅचला.

कळंबा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये

मला वेगळंच सांगायचं आहे. दरवर्षी आनंदी देशांची यादी येते, २०१८ पासून फिनलंड पहिला असतो. ती कशी करतात ते मी वाचलं. माणसाला विचारतात, शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी आहे असं समजा, दहावर सर्वांत चांगलं आयुष्य, शून्यावर सर्वांत वाईट, तुम्ही कुठं आहात? हा आयुष्याचा हिशेब आहे. आज हसलात का, हे त्यात येत नाही.

मला हा फरक स्वतःवरून कळला. नोकरी, फ्लॅट, गाडी, प्रेमळ आई-वडील. शिडीवर मी स्वतःला बऱ्यापैकी वर ठेवलं असतं आणि ते खोटं नसतं. पण सकाळी उठून दात घासायला जाण्याची ताकद नसायची. आवडता तांबडा रस्सा समोर आला तरी चव लागायची नाही, जिभेला नव्हे, मनाला. आई म्हणाली मनाचे श्लोक म्हण. मामा म्हणाले रंकाळ्याला चार फेऱ्या मार. मित्र म्हणाले तुला कमी काय आहे? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त लागला, कारण मला खरंच काही कमी नव्हतं, आणि मग दोष माझ्यातच आहे असं वाटायचं.

हे नैराश्य होतं, आजार होता. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, औषधं घेतली, बोलण्याचे उपचार घेतले. एका संध्याकाळी कळंब्याच्या तलावावर वारा आला आणि गार लागलं. गार लागलं एवढंच, पण ते मला लागलं. घरी येऊन आईला सांगितलं, ती देवापुढं दिवा लावायला गेली. आता मनाचे श्लोकही म्हणतो, रंकाळ्यालाही जातो, दोन्हींनी बरं वाटतं. पण त्या काळात त्यांनी वाटलं नसतं. कुणाला महिनोन् महिने कशातच गोडी लागत नसेल तर त्याला सुखाचं तत्त्वज्ञान ऐकवू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. हात धरून न्या, कारण तो स्वतः जाणार नाही.

राजारामपुरी, आवाहन करणारा

हे लिहिलंत हे फार चांगलं केलंत. विद्यार्थ्यांपुढं सुखाची मीमांसा मांडताना मी या बाजूला नेहमी जागा ठेवत आलो. उपनिषदानं आपल्या हिशेबात आधी धडधाकट माणूस धरलाय, तो उगाच नव्हे. ॲरिस्टॉटलही म्हणतोच की सुखाला काही बाहेरच्या गोष्टींची जोड लागते आणि छळ सोसत असलेल्या माणसाला सुखी म्हणणं हे बळंच आहे.

कसबा बावडा

सगळं वाचत होते, लिहू की नको असं चाललं होतं.

मिस्टरांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली. आता घरीच असतात. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. भरवणं, अंग पुसणं, हातापायाचे व्यायाम. मुलगा परगावी, पैसे पाठवतो, जमेल तसा येतो.

लोक भेटायला येतात. "मन करा रे प्रसन्न" म्हणतात, "सेवेत सुख आहे" म्हणतात. मी मान डोलावते. सेवेत मला थकवा आहे, कधी राग आहे, आणि त्यांच्यावर माया आहे. सुख म्हणून ज्याला म्हणावं ते तिथं नाही आणि मी ते आहे असं म्हणणार नाही.

सुख गुरुवारी असतं. दुपारी नणंद येते, तीन तास थांबते. मी रिक्षानं भवानी मंडपाशी उतरते, अंबाबाईचं दर्शन घेते, आणि मग खरं सांगायचं तर देवापेक्षा जास्त ओढ असते ती पुढच्या वेळेची. कपिलतीर्थ मंडईत भाजी बघत हिंडते, घ्यायची नसली तरी. एखादी भेळ खाते. कुणाला माझी गरज नसते. सुरुवातीला या सुखाची मला लाज वाटायची, घरी माणूस तसं पडलेलं आणि ही भेळ खातेय. नणंदेला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "वहिनी, तू हसत परत येतेस ना, दादा त्या दिवशी जास्त जेवतो." मी मग लक्ष ठेवलं. खरंच जास्त जेवतात. गुरुवारी मी मंडईतलं काहीबाही सांगते, कोण भेटलं, वांगी काय भावानं, आणि ते डाव्या बाजूनं हसतात. एकदा "महाग" हा अख्खा शब्द बोलले.

ॲरिस्टॉटल, बुद्ध, सगळं वाचून बरं वाटलं, पण माझा प्रश्न साधा आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी कृपया लिहा: तुम्ही स्वतःसाठी वेळ कसा काढता, बदलीला कोण येतं, रात्रीच्या पाळीला कुणाला ठेवलं असेल तर ते कसं जमवलं? नणंदेचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यामुळं मला हे लवकर कळायला हवं.